काहिलीतून आलेला मामा

सरकून बसा, मागच्यांनाही जागा द्या. ही गोष्ट हळदण्याची आहे, आणि हळदण्यात ती घाईघाईत कोणी सांगत नाही.

फार वर्षांपूर्वी, वारणेवर आमच्या अंगाला पूल नव्हता, साखर कारखान्याचं नावही कोणी ऐकलं नव्हतं, आणि दिवाळी सरली की सगळ्या नदीकाठानं गुऱ्हाळांचा धूर निघायचा, तेव्हा आमच्या गावात एक माणूस राहून गेला. त्याचं नाव भैरू. पण नुसतं भैरू अशी हाक त्याला कोणी मारल्याचं ऐकिवात नाही. पोरं त्याला मामा म्हणायची, पोरांच्या आया मामा म्हणायच्या आणि म्हातारेकोतारेही मामाच म्हणायचे. एकदा तर पाटलांनी भर चावडीत त्याला "ओ मामा" म्हणून हाक मारली आणि मग आपलीच जीभ चावली, कारण वयानं ते त्याच्या बापाच्या जागी होते. असं म्हणतात, की तेव्हापासून पाटलांनीही जीभ चावायचं सोडलं आणि तेही सरळ मामाच म्हणायला लागले.

तो नक्की कोणाचा मामा होता, ते आधी ऐका. कारण सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते, आणि सुरू होते ती एका न्हाव्याच्या चुकीपासून.

भैरूची बहीण गोदा हळदण्यात दिलेली होती. तिला उशिरानं मुलगा झाला. मुलाचं जावळ काढायचं ठरलं. आता जावळ म्हटलं की मामा हवा. मामाच्या मांडीवर बसूनच पोराचे पहिले केस उतरतात, ही आपल्याकडची रीत. गोदानं भावाला सांगावा धाडला. भैरू राहायचा लांब, तिकडे माणदेशात. पाऊस वाट चुकला तरच तिकडे जायचा. तिथून तो चालत निघाला. खांद्याला हलगी, आणि उपरण्यात बांधलेली भाच्यासाठी नवी कुंची आणि चांदीचे वाळे. कुंची त्यानं स्वतः शिवलेली होती.

गावात पोचला तेव्हा उन्हं चांगली वर आलेली. देवळासमोरच्या पारावर न्हावी वस्तरा परजत बसलेला आणि भोवती कडेवर पोरं घेतलेल्या बाया. त्या दिवशी गावात तीन-चार जावळं होती. भैरू दमला होता. बहीण येईल म्हणून तो पारावर टेकला आणि बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला.

"मामा कोन हाय?" न्हाव्यानं विचारलं.

"मीच की," भैरू झोपेतच म्हणाला.

झालं! न्हाव्याच्या हाताशी जे पोर होतं ते त्यानं उचलून भैरूच्या मांडीवर ठेवलं आणि पाणी लावून वस्तरा चालवायला सुरुवात केली. भैरूनं पोराला घट्ट धरलं. पोर रडेना. टकामका त्याच्याकडे बघत राहिलं.

गोदा आपल्या मुलाला घेऊन धावतपळत आली, तोवर मांडीवरचं डोकं साफ गुळगुळीत झालं होतं.

"आरं दादा!" ती ओरडलीच. "ही कुनाची पोर मांडीवर घिऊन बसलाईस? माझा ल्योक तर हितं माझ्या कडंवर हाय!"

ती होती शेवंती. तिचे आईबाप पटकीच्या साथीत गेलेले. आजीनं सांभाळलेली. तिच्या आईला भाऊच नव्हता, तेव्हा मामा कुठून यायचा? शेजारचा एकजण मांडी देतो म्हणाला होता, तो आयत्या वेळी शेतावर निघून गेला. बिचारी आजी एका बाजूला उभी होती. न्हाव्यानंच कोणीतरी बघितला असेल, असं तिला वाटलं. आता चूक कळल्यावर ती पुढं होऊन पोरीला उचलायला लागली, आणि तिला रडूच फुटलं.

सगळा पार हसत होता. न्हावी उगाच वस्तरा पुसत बसला होता. भैरूनं मांडीवर पडलेले ते मऊ केस बघितले, पोरीकडे बघितलं, आणि उपरण्याची गाठ सोडली. कुंची काढून तिच्या डोक्याला बांधली. वाळे तिच्या पायात घातले.

"आवं, त्ये भाच्याचं हाय न्हवं?" आजी म्हणाली.

"केस माज्या मांडीवर पडल्यात, आज्जी," भैरू म्हणाला. "आता ही भाची न्हाई म्हणून कसं चालंल? गोदे, आन तुझा ल्योक हिकडं. ह्या मांडीवर बसव. दुसरी रिकामीच हाय."

अशी एका मांडीवर शेवंती आणि दुसऱ्या मांडीवर सख्खा भाचा घेऊन भैरू त्या दिवशी पारावर बसला, आणि असं म्हणतात, की तो तिथून पुन्हा माणदेशात गेलाच नाही. गोदानं विचारलं, की दादा, कधी निघणार? तर म्हणायचा, पोरीचे केस जरा वाढू दे, मग जातो. पोरीच्या वेण्या गुडघ्याला टेकल्या तरी मामा आपला इथंच.

मग ज्याला ज्याला मामा नाही ते पोर त्याच्या मांडीवर यायला लागलं. कोणाचा मामा वारलेला, कोणाचा भांडून गेलेला, कोणाचा मुलखापार कुठं तरी. भैरूमामा कोणाला नाही म्हणाला नाही. प्रत्येकाला नवी कुंची, त्याच्या हातची. बाप्या माणूस सुईदोरा घेऊन पारावर बसतो म्हणून सुरुवातीला गावानं थट्टा केली. मग कुंच्या बघून बायाच त्याच्याकडे टाके शिकायला यायला लागल्या आणि थट्टा करणारे गप्प झाले.

आणि अंगात कला तरी किती! गुऱ्हाळावर तो गुळव्या होता. रस कधी शिजला आणि काहील चुलवाणावरून कधी उतरवायची, हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. बाकीचे गुळवे पाक पाण्यात टाकून गोळी वळून बघत. भैरूमामा डोळे मिटून नुसता उकळीचा आवाज ऐकायचा. "उतरवा" म्हणाला की उतरवायची. त्याच्या हातचा गूळ असा पिवळाधमक, की असं म्हणतात, गाडी बाजारात शिरायच्या आधी मधमाश्या पुढं होऊन वर्दी द्यायच्या.

तालमीतल्या पैलवानाचा खांदा निखळला तर मामाच बसवायचा. तो आधी एक गमतीची गोष्ट सांगायला घ्यायचा. पैलवान हसायला लागला की कट्टदिशी आवाज यायचा आणि त्याचं हसू संपायच्या आत खांदा जाग्यावर. त्यानं वळलेलं चऱ्हाट बैलांच्या दोन पिढ्यांना पुरायचं. मारका बैल असला की लोक मामाला बोलवायचे. तो काठीबिठी घ्यायचा नाही. जिभेनं चुकचुक करत, "हां माझ्या राजा, हां," म्हणत जवळ जायचा, आणि बैल मान खाली घालायचा. लग्नाची आमटी त्याच्या हातची असली तर जेवणारे पत्रावळ सोडून उठायचे नाहीत, त्यामुळे पुढच्या पंगतीवाले चिडायचे. आणि हलगी? त्यानं हलगी कडाडवली की ताबुतात, जत्रेत, फडात, सगळीकडे माणसाचे पाय आपोआप हलायचे. माझी आजी म्हणायची, गावातल्या एका जन्मबहिऱ्या माणसालाही मामाची हलगी तेवढी ऐकू यायची. आता तिच्यापुढं कोण काय बोलणार!

पण एका गोष्टीत मामा पार कच्चा होता. त्याला पाण्याची भीती वाटायची.

माणदेशातला माणूस तो. आडात पोहरा बुडवायचा एवढंच त्याला पाणी माहीत. वारणेसारखी नदी त्यानं हळदण्यात येऊन पहिल्यांदा बघितली आणि तो चार पावलं मागं सरला. गावची लहान लहान पोरं डोहात उड्या टाकून पवायची आणि मामा काठापासून चांगला लांब, आंब्याखाली, बादलीनं अंघोळ करायचा. नावेत तो कधी बसला नाही. पलीकडे काही काम असलं तर पावसाळा सरून नदी ढोपराएवढी होईपर्यंत थांबायचा. पोरं चिडवायची, "मामा, ये की पवायला!" मामा म्हणायचा, "येतो, पर आदी नदीला सांगा वाईच सरकून वाट दे म्हणून."

आता शेवंती मोठी झाली. पलीकडच्या काठावर आंबर्डी गाव आहे. तिथल्या केरबा नावाच्या मुलानं तिला जत्रेत बघितलं आणि घरी जाऊन सांगितलं, की लगीन करीन तर हिच्याशीच. केरबाचे आजोबा रामजी आबा म्हणजे मोठं करारी माणूस. बैठकीला बसले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

"पोरीला आईबाप न्हाईत, ठीक हाय. मामा कोन?"

मामा पुढं झाला. तेवढ्यात कोणीतरी हसत हसत जावळाची सगळी हकिगत सांगून टाकली. आबांचा चेहरा उतरला.

"म्हंजे न्हाव्यानं चुकून केल्याला मामा!" ते म्हणाले. "ना रक्ताचा ना नात्याचा. आमच्याकडं पोरीला मांडवात मामा घिऊन येतो. मामाबिगर आलेली सून आमच्या घरात न्हाई."

"मी आनीन की," मामा म्हणाला.

आबांनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मामाची पाण्याची भीती दोन्ही काठांना माहीत होती. आबा मिशीत हसले. त्यांनी आंबर्डीतच लग्न करायचं ठरवलं आणि मुहूर्त धरला आषाढातला, एकादशीच्या आधीचा शेवटचा. "त्या दिशी मामानं पोरगी मांडवात आनून हुबी केली तर ती आमची सून," ते म्हणाले. "न्हाईतर केरबाला दुसरी बघून ठेवलीया."

मामाला वाटलं, एकदाच तर नावेत बसायचं आहे. डोळे मिटून बसू. त्यानं म्हणे घरातल्या पाटावर बसून डोळे मिटायचा सरावसुद्धा केला.

पण त्या वर्षी वारणा चवताळून आली. घाटावर चार दिवस धो धो पाऊस लागून राहिला होता. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नावेचा दोर तुटला आणि नाव दिसेनाशी झाली. सकाळी हळदीच्या अंगानं शेवंती काठावर येऊन उभी राहिली, तर समोर नुसतं तांबडं पाणी. पलीकडचा मांडव बोटाएवढा दिसत होता. अख्खं हळदणं काठावर जमलं.

शेवंतीनं मामाचा हात धरला. "मामा, लगीन मोडलं तर मोडू दे," ती म्हणाली. "तू काय पान्यात उतरू नगंस. आपुन घरला जाऊ."

तिचा आवाज घट्ट होता, पण डोळे पलीकडच्या मांडवावरून हलत नव्हते. मामानं ते बघितलं. आणि मग तो जे बोलला ते आमच्या घरात अजून सांगतात.

"तुला मांडीवर घेतली ती अर्ध्या वाटंत सोडाय न्हवं, शेवंते. चला रं, गुऱ्हाळावरची काहील काढा!"

आता काहील काय ते तुम्ही बघितलीच आहे. लोखंडाची, पसरट, गाडीच्या चाकापेक्षा कितीतरी मोठी, उसाचा रस आटवायची कढई. पुराचं पाणी गल्लीत शिरलं की आमच्याकडे लोक अजून काहिलीत बसून या घरातून त्या घरात जातात. पण गल्लीतलं पाणी वेगळं आणि नदीची धार वेगळी. भर धारेत काहील आजवर कोणी घातली नव्हती. ती पाण्यात भोवऱ्यासारखी गरगरते. पुढं कुठलं आणि मागं कुठलं, ते तिला ठाऊक नसतं.

गड्यांनी काहील कडेवर उभी करून चाकासारखी घरंगळत आणली. मामानं गुऱ्हाळावरून चिपाडांचा भारा मागवला. चिपाड म्हणजे रस काढून घेतलेला वाळका ऊस. तो काठानं वरवर चालत गेला आणि जागोजागी थांबून एक एक चिपाड पाण्यात टाकत राहिला. टाकलेलं चिपाड कुठं जातं ते टक लावून बघायचं आणि पुढं सरकायचं. गाव त्याच्या मागोमाग. पार वरच्या अंगाला, वडाच्या वळणावर टाकलेलं चिपाड धारेला लागलं, मधोमध गेलं आणि फिरत फिरत थेट आंबर्डीच्या घाटाला जाऊन चिकटलं.

"हितनं जायचं," मामा म्हणाला. "नदीच नेती म्हंतीया, आपुन कशाला आडवं लागायचं?"

काहिलीच्या कड्यांना त्यानं स्वतः वळलेलं चऱ्हाट ओवलं. गावातले अट्टल पवणारे गडी चऱ्हाट धरून पाण्यात उतरले. काहिलीत शेवंती बसली. मामानं एका मडक्यात निखारे घेतले, त्यावर इरलं धरलं, आणि हलगी घेतली. लोकांना वाटलं, भीतीनं याचं डोकं फिरलं. अशा वेळी हलगी कशाला? पण मामाला पक्कं ठाऊक होतं. पुराच्या गडगडाटात पवणाऱ्यांना एकमेकांचा आवाज ऐकू येणार नाही. एक ओढेल, दुसरा थांबेल, आणि काहील गरगरून पालथी होईल. सगळ्यांचे हात एका ठेक्यात पडायला हवेत. आणि पावसात हलगीचं कातडं सैल पडतं, म्हणून ते शेकायला निखारे.

मामानं काहिलीत पाय ठेवला. शेवंती पुढं साऱ्या जन्मभर सांगायची, "मामाचं अंग लटालटा कापत हुतं. पर हात कापत न्हवता. हलगीवरचा हात जराबी कापत न्हवता."

आता इकडे आंबर्डीत काय चाललं होतं ते ऐका.

मांडवात केरबा बाशिंग बांधून पाटावर उभा. समोर अंतरपाट धरलेला, पण अंतरपाटाच्या पलीकडे कोणी नाही. तेव्हा घड्याळं नव्हती. पाण्यानं भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवायची. वाटी भरून बुडाली की घटका भरली, मुहूर्त झाला. रामजी आबा त्या वाटीसमोर बसून राहिले होते. वाटी बुडाली की विषय मिटला.

वाटी भरत आली. आणि आंबर्डीच्या भटजींनी, साऱ्या जन्माची सवय म्हणून, समोर नवरी नाही याचं भान न राहून, नेहमीच्या खणखणीत आवाजात पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

मांडवात एकदम शांतता झाली. कोणी तरी फिसकन हसलं. भटजींना चूक कळली आणि ते खाली बघायला लागले. केरबानं डोळे मिटून घेतले.

तेव्हा नदीकडून आवाज आला. आधी बारीक, मग स्पष्ट. कड कड कडाड. कड कड कडाड.

"हलगी!" केरबा ओरडला, आणि बाशिंगासकट नदीकडे पळत सुटला. त्याच्यामागं अंतरपाट धरणारे, त्यांच्यामागं वऱ्हाड, करवल्या, आचारीसुद्धा. मांडवात एकटे रामजी आबा राहिले, समोर घंगाळ घेऊन.

लोकांनी काठावरून बघितलं, तर भर धारेत काळी काहील, त्यात पिवळी नवरी आणि हलगी वाजवणारा मामा. ठेक्याला गड्यांचे हात पडत होते, ठेक्याला काहील पुढं येत होती. इतक्यात वरून एक उन्मळलेलं झाड वाहत आलं, मुळांसकट, सरळ काहिलीच्या रोखानं. काठावरच्या बायांनी तोंडाला पदर लावले. मामानं हलगी खाली ठेवली. काहिलीच्या कडेला वाकून त्यानं एक हात पाण्यावर ठेवला. मारक्या बैलाच्या पाठीवर ठेवायचा तसाच. आणि जिभेनं चुकचुक करत म्हणाला, "हां माझी बाई, हां. भाचीचं लगीन हाय. वाईच दम खा."

असं म्हणतात, की वारणा थांबली. पानसुद्धा वाहीना. झाड जागच्या जागी फिरलं, काहिलीला अंग चोरून वाट दिली आणि बाजूनं निघून गेलं. मग मामानं हलगी उचलली आणि नदी पुन्हा वाहायला लागली.

मी काही तिथं नव्हते, त्यामुळे नदी किती थांबली यावर मी शपथ घेणार नाही. पण घंगाळातली वाटी थांबली होती हे मात्र खरं. ते रामजी आबांनीच पुढं सगळ्यांना सांगितलं. काठोकाठ भरलेली वाटी त्यांच्या डोळ्यांसमोर तरंगत राहिली, बुडेचना. आबा तिच्याकडे बघत राहिले. तिकडे काहील घाटाला लागली तेव्हाच इकडे वाटी बुडाली. कोणी म्हणतं, भोकात अक्षतेचा दाणा अडकला होता. आता पाटावर उभ्या असलेल्या केरबाच्या हातात अक्षता होत्याच, आणि घंगाळही त्याच्या पायाशीच होतं. म्हाताऱ्या शेवंतीला कोणी याबद्दल विचारलं की ती नुसती हसायची.

मामानं शेवंतीला उचललं आणि काठावर पाय ठेवला. मांडवात नेऊन तिला अंतरपाटासमोर उभी केली. रामजी आबा उठून आले. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "पोरीचा मामा कोन?"

मामाचे दात असे वाजत होते, की तोंडातून शब्द निघेना. त्यानं हलगीवर एकच थाप मारली.

आबांनी आपल्या डोक्याचा फेटा काढला आणि मामाच्या ओल्या डोक्यावर बांधला. "पाव्हणं," ते म्हणाले, "न्हाव्याची काय चूक न्हवती. माझी झाली." आणि त्या करारी माणसाचे डोळे सगळ्या मांडवादेखत भरून आले.

त्या लग्नात आमटी मामानंच केली, हे वेगळं सांगायला नको.

पण पुढची गंमत ऐका. पूर ओसरला, नवी नाव आली, तरी मामा घरी निघेना. एकदा गेलो तेवढं बस, आता नावेत पाय घालणार नाही, म्हणाला. भाचीच्या सासरी तो सगळा पावसाळा राहिला. आंबर्डीच्या पोरांना कुंच्या शिवल्या, पैलवानांचे खांदे बसवले, रामजी आबांना हलगी शिकवली. आबांना ती जमली नाही, पण ते रोज वाजवायचे आणि शेजारी सहन करायचे. दिवाळीनंतर नदी ढोपराला आली तेव्हा मामा चालत हळदण्याला परतला. असं म्हणतात, की तेव्हा त्याला पोचवायला आंबर्डी नदीपर्यंत आली आणि घ्यायला हळदणं नदीत उतरलं, आणि मधल्या वाळूत दोन्ही गावं मामा कोणाचा यावर भांडली.

मामा पुष्कळ जगला. शेवंतीच्या लेकरांची जावळं त्याच्याच मांडीवर झाली. त्यातली एक लेक पुन्हा हळदण्यातच दिली. ती माझी आजी, म्हणून आम्ही इथले. मामा गेला तोही गुऱ्हाळावरच. डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी तो रोज चुलवाणाजवळ येऊन बसायचा. एका दुपारी उकळी ऐकता ऐकता म्हणाला, "उतरवा." गड्यांनी काहील उतरवली आणि मागं वळून बघितलं, तर मामानं भिंतीला मान टेकली होती आणि चेहरा हसरा होता. त्या काहिलीचा गूळ गावानं विकला नाही. घराघरांत वाटला.

त्याला खांदा द्यायला एवढे भाचे झाले, की तिरडी घेऊन कोणाला चालायला जागाच राहिली नाही. घरापासून घाटापर्यंत माणसं दोन रांगांनी उभी राहिली आणि तिरडी हातोहात पुढं गेली. माझी आजी सांगायची, की त्या दिवशी मामा शेवटचा नदीवर गेला तोही पाण्याला पाय न लावता. सांगताना ती रडायची आणि हसायचीही.

ती काहील आम्ही अजून जपली आहे. गुऱ्हाळं गेली, पूल आला, वऱ्हाडं गाड्यांतून येतात. पण हळदण्यात लग्न असलं की काहील मांडवाच्या दारात आणून ठेवतात. नवरी तिच्यात उभी राहते. भटजी पुकारतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" आणि या पहिल्या पुकाऱ्याला सख्खा मामासुद्धा जागचा हलत नाही. सगळा मांडव गप्प होतो. मग नदीच्या बाजूनं हलगी वाजते, कड कड कडाड, जवळ जवळ येते, आणि दाराशी येऊन थांबते. तेव्हा भटजी दुसऱ्यांदा पुकारतात आणि नवरीचा मामा पुढं होऊन तिचा हात धरतो.

गेल्या वैशाखात इथं कस्तुरीचं लग्न झालं. ऊस तोडायला आलेल्या टोळीतली पोर ती. आईबाप गेले, टोळी पुढं गेली, ती गावात राहिली आणि गावानंच वाढवली. तिला मामा नाही, काका नाही, कोणी नाही. नवऱ्याकडची माणसं लांबची, त्यांना इथली रीत ठाऊक नव्हती. नवरी काहिलीत उभी राहिली. भटजींनी पुकारा केला. नदीकडून हलगी आली आणि दाराशी थांबली. भटजींनी दुसऱ्यांदा पुकारलं नाही. कस्तुरीनं पदर सावरला, काहिलीतून पाय बाहेर टाकला आणि ताठ मानेनं चालत जाऊन अंतरपाटासमोर उभी राहिली. हलगी तिच्या मागं मागं वाजत गेली.

नवऱ्याच्या चुलत्यानं माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "मुलीचे मामा कोण?"

मी म्हटलं, "आत्ताच आले की. ऐकलं नाही का तुम्ही?"